घासून काढलेला सतरा

प्रशिक्षण केंद्रात हजेरी नंबरावर होई. त्यामुळे पहिल्या पंधरवड्यातच पोरापोरींची नावं गळून पडत आणि नंबर चिकटत. "ए तेवीस, कानस दे," "बाविसाला ताप आलाय," असंच चाले. नंबर अ‍ॅप्रनवर छापलेला असे. पोलादाचा जॉब, म्हणजे हाताने घडवलेला नमुना, पुरा झाला की तळाच्या कोपऱ्यात हातोडीने तोच नंबर ठोकायचा, असा वर्कशॉपचा नियम होता.

कौतुक समारंभाच्या दिवशी सकाळी सतरा मापन शिकवणाऱ्या मॅडमच्या खोलीत आली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"मॅडम, हॉलमध्ये टेबलावर मधोमध मांडलाय तो जॉब माझा आहे. त्याच्यावर एकतीस ठोकलंय."

एकतीस म्हणजे केंद्रप्रमुख साहेबांच्या बहिणीचा मुलगा. मुलं त्याला तोंडावर एकतीस आणि माघारी भाचेबुवा म्हणत.

"तुझा तर हरवला होता ना?" मॅडमनी विचारलं.

"कपाटातून गेला. साहेब म्हणाले, निष्काळजी मुलीसाठी मी काय करू. कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच असते."

"आणि हा तुझाच कशावरून?"

"सात आठवडे घासलाय मी तो. माझं मला कळत नाही होय?"

तो जॉब मॅडमच्याही ओळखीचा होता. पोलादाच्या ठोकळ्यात षटकोनी घर आणि त्यात बसणारी षटकोनी खुंटी. सहापैकी कोणत्याही बाजूने फिरवून घातली तरी कुठे उजेडाची रेघ दिसत नसे. आज पाहुणे म्हणून येणारे कारखानदार सर्वोत्तम जॉब करणाऱ्याला तिथल्या तिथे नोकरीचं पत्र देणार होते. ते मिळालं नाही तर सतराला बहिणीकडे जाऊन राहावं लागणार होतं. दाजींनी आधीच सांगून ठेवलं होतं, येते तर येऊ दे, पोरं सांभाळायला कुणीतरी हवंच आहे.

मॅडम उठल्या. हॉलमध्ये शिपाईमामा खुर्च्या मांडत होते. मॅडमनी ठोकळा उलटा करून तळावर सरळपट्टी धरली. एका कोपऱ्यात उजेड दिसला. फटीत त्यांनी जाडी मोजायच्या पात्या एकेक करून सरकवल्या. दोन दशांश मिलिमीटर. तिथेच, त्या खोलगट जागी, एकतीस ठोकलेलं होतं.

"आधीचा नंबर घासून काढलाय," त्या पुटपुटल्या.

मामांनी मान वर केली नाही. "मॅडम, आत्ताच साहेबांच्या कानावर घाला. गुपचूप मिटवतील."

"मिटवतील, हो."

मिटवण्यात साहेबांचा हात धरणारा कुणी नव्हता. आठ वर्षांपूर्वी मॅडमनी दोन वर्षं राबून मापनाचं पाठ्यपुस्तक लिहिलं होतं. आकृत्यासुद्धा त्यांच्याच हातच्या. छापून आलं तेव्हा मुखपृष्ठावर साहेबांचं नाव होतं आणि शेवटच्या पानावर, कागद पुरवणाऱ्याच्या खाली, मॅडमचं: टंकलेखनासाठी आभार. त्या वर्षीच्या कौतुक समारंभात साहेबांनी त्यांना मंचावर बोलावून फुलंही दिली होती आणि मॅडमनी ती घेतली होती. तेव्हापासून कुणी कौतुक म्हटलं की त्यांच्या जिभेवर कडवट चव येई.

त्यांनी रसायनांचं कपाट उघडलं. ठसा मारला की धातू नुसता खचत नाही, त्याच्या खालचे थरही दबतात. वरचं घासून टाकलं तरी ते दबलेपण काही अंतर खाली राहतं, आणि आम्ल त्या जागेला वेगळ्या वेगाने खातं. घासणं फार खोल गेलं असेल तर मात्र काही उमटत नाही. दोन दशांश म्हणजे सीमेवरचं प्रकरण. आधी गुपचूप करून बघता आलं असतं. पण एकदा उमटलेलं साहेबांनी बघितलं असतं, तर समारंभाच्या वेळी टेबलावर ठोकळाच राहिला नसता. निदान मॅडमनी स्वतःला तसं सांगितलं. त्यांनी तांब्याचा क्षार आम्लात विरघळवला, हिरवं पाणी छोट्या बाटलीत भरलं आणि हातमोजे खिशात घातले.

समारंभात साहेब भरभरून बोलले. आपलं कुटुंब, आपली गुणी मुलं, झिजणारे कर्मचारी. एकतीस पहिल्या रांगेत भांग पाडून बसला होता. मग साहेब म्हणाले, "आता कर्मचाऱ्यांच्या वतीने कौतुकाचे चार शब्द आपल्या मापनाच्या मॅडम बोलतील. त्या कमी बोलतात, तेव्हा घाबरू नका."

लोक हसले. मॅडमही हसल्या.

"मला बोलता येत नाही, हे खरंय. मी एक प्रयोग दाखवते. साहेब, तुम्ही जवळ या ना. तुमचंच मार्गदर्शन."

साहेब खुशीत आले. मॅडमनी ठोकळा उलटा ठेवला, हातमोजे चढवले आणि कापसाचा बोळा हिरव्या पाण्यात बुडवून कोपऱ्यावर फिरवायला लागल्या. कारखानदार खुर्ची सोडून पुढे आले. त्यांना हे काय चाललंय ते ठाऊक असावं, कारण त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

एक मिनिट गेलं. काही नाही. साहेबांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, वेळ होतोय," ते हळूच म्हणाले.

"आठ वर्षं झाली साहेब, दोन मिनिटं थांबा."

तिसऱ्या मिनिटाला ठोकलेल्या एकतीस आकड्याच्या मागून एक उभी सावली वर आली. मग तिच्या शेजारी दुसरा आकडा.

मॅडमनी साहेबांच्या हातात भिंग दिलं. "वाचा."

"यात काहीतरी गैरसमज..."

"मोठ्याने वाचा, साहेब. मागे ऐकू जात नाही."

कारखानदारही साहेबांकडे बघत होते. साहेबांनी भिंग कोपऱ्यावर धरलं आणि वाचलं. "सतरा."

"हजर, सर," मागच्या रांगेतून सवयीने उत्तर आलं आणि सतरा उभी राहिली. आधी एक जण हसला, मग सगळा हॉल. एकतीस मान खाली घालून नखं कुरतडत होता.

कारखानदारांनी सतराला पुढे बोलावून खुंटी फिरवून दाखवायला सांगितली आणि शेवटची कानस कोणती वापरली ते विचारलं. तिने कानशीच्या दातांपासून सगळं सांगितलं. पत्रावर आधीच लिहिलेलं एकतीसचं नाव त्यांनी खोडलं आणि तिला तिचं खरं नाव विचारलं.

पांगापांग झाल्यावर साहेबांनी मॅडमना गाठलं. "आधी सांगायचं होतंत. मी मिटवलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

ते निघून गेले. त्यांची ती पाठ मॅडमनी दारापर्यंत डोळे भरून पाहिली. आठ वर्षांत इतकं गोड काही चाखलं नव्हतं.

मागे वळल्या तर सतरा उभी होती, पत्र छातीशी धरून.

"मॅडम, नसतं उमटलं तर?"

मॅडमना खोटं बोलायची सवय नव्हती. "तर पत्र त्याला गेलं असतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"निम्मी शक्यता होती."

सतराने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मला विचारायचं तरी होतंत," ती म्हणाली.

सतराने पत्र अ‍ॅप्रनच्या खिशात ठेवलं, ठोकळा नळाखाली धरून आम्ल धुतलं, कोरडा पुसला आणि बोटाने सगळीकडे तेल फिरवलं. मॅडमनी हात पुढे केला. तिने ठोकळा दिला नाही. खुंटीसकट फडक्यात गुंडाळून ती घेऊन गेली.