जोकरचा मुडपलेला कान

मित्रांनो, मी पत्त्यांच्या कॅटमधला एक जुना जोकर आहे. माझी टोपी झिजली आहे, एक डोळा पुसट झाला आहे, पण राग मात्र अगदी ताजा आहे. तो कशाचा, ते सांगतो.

मी छापखान्यात जन्मलो आणि सायकल दुरुस्तीच्या एका दुकानात येऊन पडलो. बाकीचे पत्ते खेळात रमायचे आणि मी डबीच्या तळाशी. मग दुकानदाराच्या बहिणीनं, म्हणजे मुलांच्या आत्यानं, चोर ओळखण्याचा खेळ काढला आणि माझे दिवस पालटले. रविवारी वडील चार पत्ते उपडे मांडत. आत्या, शेजारचे घड्याळवाले काका, दादा आणि धाकटी चिमी एकेक उचलत. मी ज्याच्या हाती जाईन तो चोर. सगळे डोळे मिटत आणि चोर तेवढा डोळे उघडून टेबलावरची सायकलची घंटी लपवी. मग वाद होई आणि शेवटी बोट दाखवून निवाडा. चोर ओळखून किंवा चोरी पचवून दोघा भावंडांत जो सरस ठरेल, त्याला जुन्या भागांतून जोडलेली लाल सायकल आठवडाभर मिळे.

दादानं एकदा नखानं माझा कोपरा, म्हणजे माझा कान, मुडपला. तेव्हापासून मी सारखा त्याच्याच हाती. लोक त्याला नशीबवान म्हणत. तो घंटी लपवायचा आणि गोड बोलून चोरी चिमीच्या गळ्यात घालायचा. ती कळवळून सांगायची, मी नाही. कुणी ऐकत नसे. मग आठवडाभर ती शाळेचा चढ पायी चढे आणि हा साळसूद तिच्या शेजारून घंटी वाजवत जाई. मी मुका. पण मनात म्हटलं, बच्चमजी, तुझा डाव तुझ्यावरच उलटवतो.

मुडपून मुडपून माझा कान फाटला. एका रविवारी दुपारी वडिलांनी कुणालाही न सांगता तो पंक्चरच्या सोल्यूशननं चिकटवला. कान सरळ झाला, पण जाडसर राहिला. संध्याकाळी दादाच्या बोटांना तो बरोबर लागला.

घंटी नाहीशी झाली, वाद सुरू झाला आणि दादानं घाई केली.

"आत्या, चिमीकडे बघ. पत्ता उचलल्यापासून नाक मुरडतेय. जोकरला सोल्यूशनचा वास येतोच ना."

चिमीनं मान वर केली. "जोकरला वास येतो, हे तुला कसं कळलं?"

दादा हसला. या दुकानात स्टुलापासून चहापर्यंत सगळ्यालाच तो वास येतो, म्हणाला. काकांनाही पटलं. तोंडातून एखादा शब्द निसटला म्हणून माणसाला चोर ठरवू नये, असं त्यांचं म्हणणं. आत्या नेहमीप्रमाणे भाच्याच्या बाजूला झुकू लागली. माझा जीव टांगणीला लागला.

"सगळ्यालाच येतो, तर तू जोकरच का म्हणालास?" चिमीनं आपला पत्ता हुंगला. "माझ्या पत्त्याला नाही येत. काका, तुमच्या?"

काकांनी पत्ता नाकाशी नेला आणि मान हलवली. आत्यानंही हुंगून पाहिला. मग तिनं दादापुढे हात पसरला. त्याची मूठ उघडेना. तीन बोटं त्याच्याकडे वळली, आत्याचं सर्वांत शेवटी.

वडिलांनी मला त्याच्या हातातून घेतलं आणि चिकटवलेल्या जागेवरची नखाची रेघ निरखून पाहिली.

"म्हणजे हा कान आपोआप फाटला नव्हता," एवढंच ते म्हणाले.

दादाचा चेहरा पडला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

लाल सायकल चिमीला कायमची मिळाली. खेळासाठी कॅटमधला दुसरा जोकर आला. मला चिमीनं कपड्यांच्या चिमट्यानं मागच्या चाकाशी अडकवलं. चाक फिरलं की तारा माझ्यावर आपटतात आणि मी फडफडतो. चढावर पायी चाललेला दादा दिसला की ती मुद्दाम सायकल हळू करते.

मित्रांनो, पत्त्यांचे कान मुडपू नका. आम्हाला ओरडता येत नाही, पण आम्ही विसरतही नाही. माझी मात्र कीव करू नका. माझ्या कडा रोज फाटताहेत, फार दिवस काही मी टिकणार नाही. चालेल मला. दादा अजून पायीच जातोय.