अंगठ्याची हजेरी

दगड घासण्यासाठी सरकार माझ्या भाचीला पैसे देतं. म्हणजे देत होतं. एम.एस्सी. झाल्यावर तिने दगडांवर संशोधन करायला घेतलं, शिष्यवृत्ती मंजूर झाली आणि ती माझ्याकडे राहायला आली. काचेवर ओली पूड टाकायची आणि दगडाची चकती बोटांनी घासत राहायची, कागदाहून पातळ होऊन तिच्यातून उजेड दिसेपर्यंत. मग सूक्ष्मदर्शकाखाली दगड आपली जन्मकथा सांगतो म्हणे. आमच्याकडे माणसं विचारूनही सांगत नाहीत.

तर विद्यार्थी खरंच काम करतात का, अशी सरकारला शंका आली आणि विद्यापीठात तिच्या विभागाच्या दारात अंगठ्याचं यंत्र लागलं. रोज अंगठा लावला तरच पैसे. इकडे घासून घासून पोरीच्या बोटांवरच्या रेषाच पुसल्या गेलेल्या. दहाही बोटं लावून झाली, यंत्राचं एकच पालुपद, ओळख पटली नाही. शिष्यवृत्ती बंद पडली.

तिच्या वडिलांचा फोन आला. "सत्र संपेपर्यंत पैसे सुरू झाले तर ठीक. नाहीतर सामान बांध आणि काकांच्या दुकानात गल्ल्यावर बस."

मी तिला घेऊन शिष्यवृत्तीच्या कार्यालयात गेले. साहेब पडद्याकडे बघत म्हणाले, "या तर कित्येक दिवस गैरहजर आहेत."

"तुमच्यासमोर उभी आहे ती."

"इथे असून उपयोग नाही, बाई. तिथे दिसायला हव्यात."

हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणून मी तिचा पंजाच त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो निरखून पाहिला. माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत.

"हिच्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा वर्षभर कँटीनमध्ये बसतो. त्याचा अंगठा कसा उमटतो?" मी विचारलं.

"अगदी स्वच्छ उमटतो," साहेब कौतुकाने म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी उपाय सांगितला. "थोडे दिवस काम बंद ठेवा. कातडी नवी येते. हजेरी लागली की मागचंही मिळेल, ते मी बघतो."

"पण सर, पैसे कामासाठीच आहेत ना?" भाचीने विचारलं.

"काम तुमचं. हजेरी आमची."

घरी येऊन ती खूप रडली. मी तिच्या बोटांना तेल चोळू लागले. घासणं बंद झालं. ती रोज विभागात जाऊन हात मांडीवर ठेवून बसायची. आणि एके दिवशी यंत्राने तिला ओळखलं. पैसे जमा झाले, मागचेसुद्धा. वर कार्यालयाकडून नियमित उपस्थितीबद्दल अभिनंदनाचं पत्र आलं. वडिलांनी ते सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. दुकानाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

मी हरखले. म्हटलं, सुटलो एकदाचे, आता पोर कामाला लागेल. सकाळी चहा देताना विचारलं, "आजपासून घासायला बसणार ना?"

तिने अंगठा उजेडात धरून रेषा नीट आहेत का ते पाहिलं.

"एवढ्यात नको, मावशी," ती म्हणाली. "पुढचा हप्ता येऊ दे."