नानांच्या घरातली पिंजण

जामखेडला नानांच्या घराचं लोकसंग्रहालय झालंय, हे कळल्यापासून अख्तरीच्या जिवाला स्वस्थता नव्हती. नाना लेखक. त्यांच्या मागच्या खोलीत अख्तरीचे अब्बा, लालमहंमद पिंजारी, भाड्यानं राहायचे. तिचं बालपण तिथंच गेलं. शेवटी एका रविवारी नात शिफाला घेऊन ती केडगावहून आली.

पुढच्या खोलीत नानांचं टेबल, चष्मा. माजघरात जाती, सुपं, घोंगड्या. अख्तरी कशापाशीच थांबली नाही. तडक मागची खोली गाठली आणि उंबऱ्यावरच थबकली. भिंतीवर अब्बांची पिंजण टांगलेली होती. माणसाएवढं लाकडी धनुष्य, त्यावर ताणलेली तात. कापूस पिंजायचं मशिन आलं, धंदा बसला, आणि अब्बा बिऱ्हाड घेऊन नगरला गेले. पिंजण इथंच राहिली. ‘येऊन नेतो’ म्हणाले होते. यायचं झालंच नाही.

“हितं कापसाचा ढीग असायचा,” ती शिफाला सांगू लागली. “मी आन् नानांची लेक अश्विनी त्यात लपून बसायचो.”

“आणि नाना ओरडायचे, लालमहंमद, पोरींना गादीत भरू नका हं!” मागून कुणीतरी म्हणालं.

अख्तरी वळली. संग्रहालयाच्या किल्ल्या हातात घेतलेली पिकल्या केसांची बाई दारात उभी होती. “अश्विनी? तू व्हय गं?”

“अख्ते!” म्हणत अश्विनीनं तिला मिठीच मारली. डोळे पुसून झाल्यावर तिनं पिंजण खाली काढली. “वाजव.”

लहानपणी अब्बा हात लावू द्यायचे नाहीत. अख्तरीनं भीत भीत तात छेडली. तुंऽऽय! खोली घुमली.

“नाना ह्याच आवाजावर लिहायचे,” अश्विनी म्हणाली. “तुम्ही गेलात तेव्हा म्हणाले, घर मुकं झालं. आता तू घेऊन जा गं ही. तुमचीच आहे.”

अख्तरीनं लाकडावरून हात फिरवला. अब्बांच्या मुठीनं एक जागा गुळगुळीत झाली होती. तिथं तिची बोटं रेंगाळली.

“दोन खोल्यांत कुठं टांगू? हितंच असू दे. पर मी आले की वाजवू देत जा.”

“तू ये तर खरी!”

शिफानंही तात ओढून पाहिली. नुसतीच खरखर झाली, तशा दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. मग अश्विनीनं चहा टाकला. मागल्या पायरीवर बसून त्या गल्लीतल्या एकेकीची चौकशी करत राहिल्या, कोण आहे, कोण गेली.