गोदडीतलं झबलं

गुरुवारी प्रफुलचा फोन आला तेव्हा कुंता दिवसभर धान कापून नुकतीच घरी आली होती.

"वहिनी, मायची गोदडी धुऊन ठेवजा. रविवारी येतो न्यायले. नव्या घरी हॉलमध्ये काचेत लावून राह्यलो. आल्यागेल्याले दिसली पाह्यजे मायची आठवण."

कुंता काही बोलायच्या आत फोन बंद झाला. चंद्रपुरात बाबू असलेल्या दिराला तेवढाच वेळ असतो.

'धुऊन ठेवजा' म्हणणाऱ्याने ती गोदडी कधी पाण्यातून ओढलेली नसते. ओली झाली की ती मेल्या वासरागत अंग टाकते. अठ्ठावीस वर्षं कुंता दर दिवाळीआधी तिला तलावावर नेत आली. खांदा त्यातच गेला. सासू गेल्यापासून दिवाळीला प्रफुल यायचा, धुतलेल्या गोदडीत तोंड खुपसून 'माय माय' करायचा, फोटो काढायचा नि जायचा. आठवणी जपायच्या म्हणजे पुरुषांनी डोळे भिजवायचे आणि बायांनी गोदडी. या घरातला कायदाच तो.

जुनी झाली म्हणून ही गोदडी कोणी टाकली नाही. विरली की वरून नवं लुगडं घालायचं, पुन्हा टाके. तळाला आजेसासऱ्याचं धोतर, मग सासऱ्याचे सदरे, सगळ्यात वर सासूची, मीराबाईची, तीन लुगडी. मीराबाईला जाऊन दोन वर्षं झाली होती.

मधल्या एका थराचं मात्र कुंताशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

तिची पहिली पोर, मंगली, आठ महिन्यांची होऊन तापाने गेली. तिला पुरलं, तिचे कपडे तिच्यासोबत गेले. मेल्या लेकराची चिंधीसुद्धा घरात ठेवू नये, पुढच्या लेकराला भोवते, असं गाव मानतं. पण एक झबलं धुऊन कुंपणावर वाळत होतं, ते सगळे विसरले. कुंता विसरली नाही. त्या हिवाळ्यात मीराबाई गोदडीवर थर चढवत होती. ती पाण्याला गेली तेवढ्यात कुंताने झबलं आत सरकवलं आणि वरून भराभर वाकडेतिकडे टाके घातले.

मग मिथुन झाला. आज तो नागपुरात कामाला आहे, धडधाकट आहे. पण लहानपणी तो नुसता खोकला तरी कुंता रात्रभर त्याच्या उशाशी जागायची. माझ्यानंच झालं. एकदा मलेरियात पोरगं निखाऱ्यासारखं तापलं, तेव्हा ती ब्लेड घेऊन गोदडीपाशी जाऊन बसली. उसवायचं, झबलं तलावात फेकायचं. हात उठला नाही. पोरगा जगला. भीती त्याच्यासोबत वाढत राहिली.

आणि आता ते झबलं चंद्रपूरला जाऊन काचेमागे लटकणार होतं.

शुक्रवार-शनिवार धानातच गेले. रविवारी सकाळी तिने गोदडी सपरीत, पुढच्या पडवीत, अंथरली आणि ब्लेड लावलं. तांबड्या काठाच्या कोपऱ्यात असेल असं तिला वाटत होतं. तिथे नव्हतं. नंतर मीराबाईने दोनदा थर चढवले होते, कडा फिरवल्या होत्या. कोपरे कुठच्या कुठे गेले होते. कुंता उसवत राहिली. दोऱ्यांचा ढीग झाला, खांदा ठणकायला लागला.

तिचा नवरा उमाजी तलावावरून मासोळ्या घेऊन आला. "काय वो, कोंबडी सोलून राह्यली का?"

ती उसवतच राहिली. तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि प्रफुल आत आला.

"वहिनी! काय करून राह्यल्या तुमी हे? मायची आठवण फाडून टाकली! दादा, तू नुसता पाहून काऊन राह्यला?"

"मले काय इचारतो? मी आत्ताच आलो."

"बोंबलू नको," कुंता म्हणाली. "तुही माय वरच्या तीन थरात आहे. तिले हात नाई लावला, नुसते टाके काढले. खाली दुसरं कोणी आहे."

"कोण?"

"माही पोर. मंगली."

मान वर न करता, उसवता उसवताच तिने सगळं सांगितलं. उमाजी भिंतीला टेकून खाली बसला. सव्वीस वर्षांत त्याने हे नाव घेतलं नव्हतं. बायकोला त्रास नको म्हणून घेत नाही, असं तो स्वतःला सांगत आला होता.

बोटांना काहीतरी जाड लागलं. कुंताने ओढून काढलं. निळ्या चोळीच्या तुकड्याची लहानशी थैली होती, चारी बाजूंनी शिवलेली. टाके बारीक, तांदळाच्या कणीएवढे. असे टाके या घरात एकटी मीराबाई घालायची. आत पिवळं पडलेलं झबलं, गळ्याची नाडीसुद्धा शाबूत.

प्रफुलचे डोळे लगेच भरले. "म्हणजे मायले माहीत होतं! पाहा वहिनी, माय कशी होती..."

"चूप बस!" कुंता ओरडली. या घरात ती अशी कधी ओरडली नव्हती. "माहीत होतं ना तिले? मंग मिथुन तापानं फणफणत होता तवा बाजूलेच बसून होती थे. 'मले माहीत आहे कुंता, भेऊ नको,' इतकं बोलाले काय जात होतं तिचं? चोवीस वर्ष दोघी एका चुलीपाशी बसलो, अन् मी एकटीच भेत राह्यली!"

मग प्रफुल हळूच म्हणाला, "वहिनी, ते आतच राहू द्या ना. आहे तसं शिवून घेतो. तिची बी आठवण राहीन."

क्षणभर तिला ते बरं वाटलं. मग तिला त्याचा हॉल दिसला. सोफ्यावर चहा पिणारे त्याचे ऑफिसवाले, आणि काचेकडे बोट करून सांगणारा प्रफुल: यात आमच्या वहिनीचं लेकरू आहे बरं का.

"नाई," ती म्हणाली. चोळीचा तुकडा तिने त्याच्या हातात दिला. "तुह्या मायचं तुले. माहं मले."

उमाजीने हात पुढे केला. तिने झबलं त्याच्या तळहातावर ठेवलं. झबल्याच्या बाह्या तेवढ्या हाताबाहेर आल्या.

"इतकीशी होती?"

"इतकीशीच होती."

थोड्या वेळाने तिने ते परत घेतलं, खांदा धरून उठली. "मी पडतो जरा," म्हणाली आणि भर सकाळी आत जाऊन आडवी झाली. झबलं उशाला घेतलं.

बाहेर दोघे भाऊ उसवलेली गोदडी घडी करायला लागले. एक थर धरला की दुसरा निसटत होता.

"वहिनी, हे कुठून धराचं?" प्रफुलने हाक मारली.

कुंताने ऐकलं, आणि कूस बदलली.