साठपर्यंत मोजा

आमच्या रडारच्या खोलीला खिडकी नाही. दिवसभर आकाशाशी व्यवहार करणाऱ्या माणसांना आकाशच दिसू नये, ही सोय ज्याने केली त्याचं मला एकदा तोंड बघायचंय. समोर काळा पडदा, त्यावर हिरवे ठिपके, कानाला हेडफोन. एकोणतीस वर्षं मी तिथे बसलो. नव्यांना शिकवायचं कामही माझ्याच गळ्यात, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही ठाऊक आहे, पण ते इथे नको.

नव्यांकडून मी पहिल्याच दिवशी एक गोष्ट घोकून घ्यायचो. ढग खाली आले की वैमानिक यंत्रांच्या भरवशावर उतरत येतो. ठरलेल्या उंचीपर्यंत धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाही दिसली तर नाद सोडून पुन्हा वर जायचं. आमच्याकडे वर जाताना एका ठरावीक उंचीला डावीकडे वळावं लागतं, कारण सरळ समोर डोंगर आहे. त्या मिनिटभरात विमानातल्या दोघांना श्वास घ्यायला सवड नसते. एक जण विमान चालवतो, दुसरा त्याला उंची वाचून दाखवतो आणि ‘आता वळा’ म्हणतो, रेडिओही त्याच्याकडेच. अशा वेळी आपण तोंडात मिठाची गुळणी धरायची आणि मनात साठपर्यंत मोजायचं. चौकशा मागाहून. "तुमच्या वहीतला रकाना कुठे पळून जात नाही," हे माझं ठरलेलं वाक्य.

घर विमानतळापासून चालत वीस मिनिटांवर आहे. बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगा लांब असतो, वाढदिवसाला मेसेज पाठवतो. रविवारी ताईचा फोन येतो. तिला एका कानाने ऐकू येत नाही आणि ती फोन नेमका त्याच कानाला लावते, त्यामुळे बोलते तीच. बाकीचे सहा दिवस घरात फ्रीज काय घरघरेल तेवढाच आवाज. खरं सांगतो, माझ्या बोलण्याला कुणी उत्तर द्यायचं ते फक्त हेडफोनवर. वाक्यं ठरीव, पण पलीकडे माणूस असायचा.

त्या दिवशी माझी पाळी दोनला संपणार होती. पावणेदोनला एक छोटं विमान उतरायला आलं, आत बेचाळीस माणसं. रेडिओवर सहवैमानिक मुलगी होती. तिला सर्दी झाली होती आणि नमस्कार म्हणताना ती मध्येच शिंकली. ‘माफ करा’ म्हणून हसली. मीही हसलो. त्या दिवसातलं माझं तेवढंच हसणं.

ढग फारच खाली होते. धावपट्टी दिसली नाही, तिने वर जात असल्याचं कळवलं. मी मोजायला लागलो. बारापर्यंत पोचलो आणि विचारलं, "कारण सांगा." कारणाचा रकाना सगळेच भरतात. तिने सांगितलं, धावपट्टी दिसली नाही. इथे मी थांबायला हवं होतं. पण पाळीतलं ते शेवटचं विमान होतं, त्यानंतर मला हेडफोन काढून घरी जायचं होतं. मी आणखी विचारलं, "ढगांचा तळ साधारण किती उंचीवर मिळाला?"

ती बिचारी सांगायला लागली. आकडा चुकला, तो दुरुस्त केला. मी मान खाली घालून लिहीत होतो. वर पाहिलं तर ठिपका सरळ चालला होता.

"डावीकडे वळा! ताबडतोब डावीकडे!"

डोंगर तीनशे फुटांनी चुकला. बेचाळीस माणसं पाऊण तासाने शेजारच्या शहरात उतरली, बहुतेकांना काही कळलंही नसेल. मी मात्र घरी जाऊन बूट न काढता खुर्चीत बसलो तो अंधार पडेपर्यंत बसून राहिलो. 

पंधरा दिवसांनी चौकशी लागली. बाहेरच्या बाकावर एक मुलगी गुडघ्यावर फाइल ठेवून बसली होती. तिने मला विचारलं, "काका, इथे पाणी कुठे मिळेल?" आवाज ऐकला आणि माझे पाय जागीच थबकले. सर्दी अजून गेली नव्हती. मी पाणी आणून दिलं.

"तुमचीही चौकशी आहे?" मी विचारलं. जिभेची खोड, दुसरं काय.

"माझीच आहे. वळण सांगायचं काम माझं होतं आणि मी बोलण्यात राहिले. परवाना बहुतेक जाणार." तिने नाक पुसलं. "कॅप्टन म्हणाले, रेडिओवाल्याला थांबा म्हणायचं होतंस. तेही मला सुचलं नाही."

रेडिओवाला तिच्यासमोर रिकामा ग्लास धरून उभा होता. मी कोण ते सांगायचं धैर्य झालं नाही.

आत चौकशी अधिकारी म्हणून बसली होती ती माझीच जुनी विद्यार्थिनी. सोळा वर्षांपूर्वी तिला मोजायला मीच शिकवलं. एकटी असली की मी तिला अगं-तुगं करतो, पण शेजारी टंकलेखक होता, म्हणून मॅडम. तिने त्या दिवशीच्या रेडिओवरच्या बोलण्याची टेप लावली. मी ओळीने दोन प्रश्न विचारले आणि मग ओरडलो, हे सगळ्यांनी ऐकलं.

"पहिला प्रश्न नोंदवहीसाठी. तो नेहमीचाच आहे," ती म्हणाली. "दुसरा तुम्ही मागून येणाऱ्या विमानाला माहिती द्यावी म्हणून विचारलात. बरोबर ना, सर?"

तिने दार उघडून दिलं होतं, मला फक्त आत शिरायचं होतं. हो म्हटलं की सगळं खापर बाहेरच्या मुलीवर फुटणार, आणि माझी खुर्ची, हेडफोन, दोन वर्षांनी निवृत्ती, सगळं जागच्या जागी. नाही म्हटलं तर मला पुन्हा त्या खोलीत कुणी बसू देणार नाही. मग बोलायचं कुणाशी? फ्रीजशी?

"मागून विमान नव्हतं, मॅडम," मी म्हणालो. "पुढचं चाळीस मिनिटांनी होतं."

टंकलेखकाची बोटं थांबली.

"सर, नीट आठवा. घाई नाही."

"आठवतंय. गेले पंधरा दिवस दुसरं काही आठवतच नाही. पहिला प्रश्न मी साठ मोजायच्या आधी विचारला आणि दुसऱ्याची गरजच नव्हती. ती मुलगी वळण सांगणार होती, मी तिला बोलण्यात गुंतवलं. माझी चूक आहे. लिहा."

"मग विचारलात कशासाठी?"

याचं उत्तर मी कुणाला दिलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही.

"घरी बोलायला कुणी नाही," मी म्हणालो. "तिचा आवाज बरा वाटला. तिने आणखी थोडं बोलावं म्हणून विचारलं."

माझे कान तापले. या वयात असलं काही टंकलेखकासमोर बोलायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.  माझी विद्यार्थिनी टेबलावरच्या पेनाकडे बघत राहिली. ओठ किंचित हलत होते, म्हणून कळलं की ती मोजतेय. मी शिकवलेलं ती सोळा वर्षांत विसरली नव्हती, विसरलो होतो मी. मग तिने डोळे पुसले आणि टंकलेखकाला म्हणाली, "जसं सांगितलं तसंच लिहा."

त्या मुलीला ताकीद मिळाली, परवाना राहिला. मला नकाशांच्या खोलीत बसवलंय. जुने तक्ते काढायचे, नवे लावायचे. या खोलीला खिडकी आहे, पण फोन नाही. नव्यांना आता दुसरं कुणी शिकवतं. ताईला सांगितलं, माझं काम बदललं. ती म्हणाली, "बरं झालं, त्या हेडफोनने तुझे कान जाणार होते." आणि गुडघ्यांचं सांगत बसली. मी ऐकत बसलो.

काल पुन्हा ढग खाली आले होते. खिडकीतून समोरची भिंतही धड दिसत नव्हती. उतरत येणाऱ्या विमानाचा आवाज ऐकू आला आणि एकाएकी वाढला. धावपट्टी दिसली नसणार, विमान वर निघालं होतं. आत ती सर्दीवाली मुलगी होती की आणखी कुणी, मला कळायला मार्ग नाही. हातातला तक्ता तसाच धरून मी मोजायला लागलो. तीस झाले, आवाज सरळ. चाळीस झाले तरी सरळच.  अठ्ठेचाळीसला आवाज डावीकडे वळला आणि हळूहळू दूर गेला.

तरी मी साठपर्यंत मोजलं. साठ झाले, आणि विचारायला कुणीच नव्हतं.