अडुसष्ट नंबरचा फॉर्म

अडुसष्ट नंबरच्या फॉर्मवर, तेविसाव्या प्रश्नासमोरच्या चौथ्या चौकोनात कागद पातळ झाला होता. चौकोन जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा. आत खोडरबराचा पुसट गुलाबी डाग आणि डागाखाली बरोबरच्या खुणेची चर. शिसं निघून गेलं होतं, पण पेन्सिलीचा दाब राहिला होता. फॉर्म खिडकीकडे तिरका धरला की खूण दिसायची, टेबलावर सपाट ठेवला की नाहीशी व्हायची. नवी खूण पहिल्या चौकोनात होती. ती अगदी हलक्या हाताने केलेली होती.

पहिला चौकोन म्हणजे ‘कधीच नाही’. चौथा म्हणजे ‘नेहमी’. आणि प्रश्न असा होता: ‘मी नसते तर घरच्यांचं बरं झालं असतं, असं मला वाटतं.’

गुरुवार होता, दुपारचे तीन. नांदेडच्या मुलींच्या वसतिगृहातल्या माझ्या खोलीत पंखा पूर्ण वेगाने फिरत होता आणि फॉर्मांवर मी स्टीलचा ग्लास ठेवला होता. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला घेतलेलं भिंग अजून माझ्याकडे आहे. ते काढून मी खूण पुन्हा पाहिली. मग फॉर्म गठ्ठ्यात जागेवर ठेवला आणि एकोणसत्तर नंबरचा घेतला.

उपयोजित मानसशास्त्राच्या एम.ए.चं माझं शेवटचं सत्र होतं. लघुप्रबंधाचा विषय होता, प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या निवासी विद्यार्थिनींमधील परीक्षाचिंता. लातूरच्या एका क्लासच्या हॉस्टेलमधल्या शहाण्णव मुली, तीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. मार्चमध्ये मी स्वतः त्यांच्या मेसच्या हॉलमध्ये बसून फॉर्म भरून घेतले होते. पेन्सिली मीच दिल्या होत्या, मागे रबर असलेल्या. फॉर्मवर नाव नव्हतं, फक्त नंबर. कोणता नंबर कुणाचा, ती यादी एका बंद लिफाफ्यात माझ्या कपाटात होती. फॉर्म वाटण्याआधी मी संमतीपत्र मोठ्याने वाचलं होतं. त्याची चौथी ओळ होती: ‘उत्तरांवरून तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला जबाबदार व्यक्तीशी बोलावं लागेल.’ बाकीच्या ओळी वाचल्या त्याच वेगाने मी तीही वाचली.

आता ती ओळ मलाच लागू होती, आणि मी एकोणसत्तर नंबरचा फॉर्म पाहत होते.

खोडलं म्हणजे धोकाच असं नाही, हे मी स्वतःला पहिल्याच संध्याकाळी सांगितलं. चुकूनही खूण पडते. तपासायचं म्हणून मी सगळे फॉर्म काढले. शहाण्णव गुणिले तीस, दोन हजार आठशे ऐंशी उत्तरं. त्यांत त्रेपन्न ठिकाणी खोडलेलं. तेविसाव्या प्रश्नावर चौघींनी खोडलं होतं. तिघींनी ‘क्वचित’वरून ‘कधीच नाही’ केलं होतं. चौथ्या चौकोनातून पहिल्यात आलेली एकच. आणि हे मोजताना आणखी एक गोष्ट दिसली, जी मला संगणकात आकडे भरतानाच दिसायला हवी होती. खरं तर दिसली होती, मी थांबले नव्हते. एकसष्ट मुलींची तीसही उत्तरं एकमेकींशी तंतोतंत जुळत होती.

सोमवारी मार्गदर्शक देगलूरकर मॅडमनी तक्ते पाहिले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“बबिता, मानक विचलन इतकं कमी? चिंताही कमी, फरकही कमी. लातूरच्या पोरी आहेत ना या?”

“एकाच हॉस्टेलच्या आहेत, मॅडम. रोजचं वेळापत्रक सारखंच असतं.”

“हं.” त्यांनी तक्त्यांची पानं पुन्हा एकदा उलटली. “चर्चेच्या प्रकरणात तसं लिही मग. तीस तारखेला बांधलेली प्रत पाहिजे हं, नंतर मी ऐकायची नाही.”

“हो, मॅडम.”

सांगायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी तक्ते फाइलमध्ये लावले आणि जिना उतरले.

मंगळवारी मी हॉस्टेलला फोन केला. रेक्टर सुमनबाईंनी उचलला. त्यांच्या मागे भांड्यांचा आवाज होता.

“मावशी, सहज फोन केला. पोरी बऱ्या आहेत ना?”

“बऱ्या? ठणठणीत हायत. काल पुरणपोळी केल्ती, एकेकीनं चार चार हाणल्या. वरून म्हणायल्यात, मावशी, झोप यायलीय, टेस्ट पुढं ढकला.”

“सगळ्या जेवल्या?”

“समद्या. का बरं?”

“काही नाही, असंच.”

शहाण्णव मुलींपैकी सगळ्या जेवल्या. मी हे वाक्य बुधवारपर्यंत पुरवलं. गुरुवारी मध्येच जाग यावी तसं लक्षात आलं की तिथे बारावीनंतर एक वर्ष मीसुद्धा राहिले होते. पुरणपोळीच्या दिवशी मीही चार खायचे. निकाल लागल्यावर महिनाभर घराबाहेर पडले नव्हते, तेव्हाही ताट रिकामं करायचे, कारण आई ताटाकडे बघायची.

शुक्रवारी औशाहून घरचा फोन आला. बापू, म्हणजे माझे वडील रामकिशन, एसटीत मेकॅनिक आहेत. ते फोन स्पीकरवर लावून लांब धरतात, म्हणून ओरडून बोलतात.

“बबे, क्लासच्या सिद्रामप्पा सरचा फोन आल्ता. सोताहून केला बघ. रविवारी पालकांची मीटिंग हाय म्हणले, तुझा निकाल तिथं वाचायचाय. आन् जूनपासून हॉस्टेलात समुपदेशक म्हणून येऊ द्या म्हणले. मी हाव म्हणून टाकलो.”

“बापू, मला विचारायचं तरी.”

“आता त्यात काय विचारायचं? दोन वर्षं तूच म्हणायलीस, अशीच नोकरी पायजे म्हणून.”

मागून आई म्हणाली, “तिला म्हणावं, डोक्याची डाक्टर झालीस तर पयल्यांदा तुझ्या बापाचं बघ. दोन दिवस झाले, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर हुडकायला.”

“ऐकायलीस का सगुणाचं?” बापू खूश होते. “पुस्तक कधी व्हायलंय तुझं?”

“तीस तारखेला.”

फोन ठेवल्यावर मी कपाटातला लिफाफा काढला. डिंकाची कड नखाने चाचपली. ठेवून दिला. रविवारी सकाळी निघताना मात्र तो पर्समध्ये घेतला. अडुसष्ट नंबरचा फॉर्मही घेतला, वहीत, घडी पडणार नाही असा.

नांदेडहून लातूरची बस लोह्यापर्यंत भरलेली होती, तिथे खिडकीची जागा मिळाली. मांडीवर निकालाचा दोन पानी सारांश होता. ‘निवासी विद्यार्थिनींमध्ये परीक्षाचिंतेचे प्रमाण कमी आढळले.’ वाक्य माझंच होतं. मी बसमध्ये दुसरं वाक्य जुळवत होते. ‘सर, थोडं बोलायचं होतं’ असं सुरू करायचं की ‘सर, एक अडचण आहे’ असं? अहमदपूरला कंडक्टर दहा मिनिटं थांबला. चाकूर गेलं. वाक्य काही पुढे सरकेना. मुलींच्या परीक्षेला चौदा दिवस राहिले होते, हा आकडा मात्र सारखा येत होता. गुरुवारी मी ती खूण पाहिली तेव्हा चोवीस राहिले होते. मधले दहा मी वापरले होते.

हॉस्टेलच्या फाटकाशी पाण्याच्या जारजवळ पाच-सहा मुली बाटल्या भरत होत्या. आतल्या मैदानात मांडव घातला होता, खुर्च्या लावणं चाललं होतं. एका मुलीने मला ओळखलं. राजकन्या तिचं नाव. मार्चमध्ये फॉर्म वाटायला तिनेच मदत केली होती.

“दीदी! तुमच्या पेपरची की बरोबर आली का हो?”

“कसली की?”

“आन्सर की. ऋतुजानं काढल्ती ती. बाकी समदे शुअर होते, सतरावा तेवढा डाऊटफुल होता. ती म्हणली ऑप्शन दोन, वरच्या मजल्यावरच्या म्हणल्या एक.”

मला खांद्यावरची पर्स घट्ट धरावीशी वाटली. “तुम्हाला प्रश्न आधी कुठून मिळाले?”

“मावशीच्या टेबलावर व्हता की एक. झेरॉक्स मारली.”

तो नमुना मीच ठेवला होता. सरांना दाखवायला म्हणून आदल्या संध्याकाळी दिला, आणि औशाची बस चुकेल म्हणून परत न घेताच गेले.

“अगं, पण त्यात चूक-बरोबर नव्हतं. मी सांगितलं होतं ना.”

“सगळेच सांगतात तसं,” दुसरी म्हणाली. “बरोबर नसतंय तर मग चार ऑप्शन कशाला?”

मुली हसल्या. राजकन्या समजावणीच्या सुरात म्हणाली, “दीदी, तुम्हीच वाचून दाखवलात की. चौथी ओळ. उत्तर गडबड आलं की मोठ्या माणसाशी बोलणार म्हणून. म्हणजे घरी फोनच न्हवं का? पेपराच्या तोंडावर कुणाला पायजे ते? बाप लगेच गाडी घेऊन येतंय न्यायला.”

“म्हणून सगळ्यांनी कीप्रमाणे भरलं?”

“समद्यांनी न्हाई. काहीजणी झोपेत व्हत्या, मनानंच टिक मारल्या. एकीनं तर खरं खरं भरलं व्हतं.” तिने बाटलीचं झाकण लावलं. “शेजारची म्हणली, येडी का खुळी तू, खोड की. मग खोडलं तिनं.”

“कोण ती?”

“काय म्हाईत. मागच्या रांगेत व्हती. मी पेन्सिली गोळा करायल्ते, तवा ऐकलं.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, “का हो दीदी? आमचे मार्क कापणार का?”

“नाही गं. मार्क नाहीत त्याला.”

“मग झालं तर,” ती म्हणाली, आणि बाटल्या घेऊन त्या वर पळाल्या. मी जिन्याकडे बघत उभी राहिले. पावलं दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आली. मग दार आपटलं.

आता ‘चुकूनही खूण पडते’ हे उरलं नव्हतं.

ऑफिसात सिद्रामप्पा सर फळ्याला पाठ करून फोनवर बोलत होते. मला बघून त्यांनी हातानेच बस म्हटलं. त्यांनी मला दोन वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं होतं, आणि दुसऱ्यांदा मार्क कमी पडले तेव्हा घरी येऊन बापूंना ‘पोरगी हुशार हाय, तिला बोलू नका’ म्हणून गेले होते. ते वाईट माणूस असते तर मला सोपं गेलं असतं.

भिंतीला टेकवून नवा फ्लेक्स ठेवला होता. अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, तरी अक्षरं वाचता येत होती. ‘ताणमुक्त वसतिगृह. संशोधनातून सिद्ध.’ खाली मुलींचे हसरे फोटो.

“ये बबिता. ऊन लई हाय, आधी पाणी घे.” सरांनी फोन ठेवला. “आणलंस ना? बघू.” त्यांनी दोन पानं हातात घेतली, आकड्यांवर बोट फिरवलं आणि हसले. “प्रॅक्टिकलला तुझा एरर इतका कमी कधी यायचा न्हाई बघ. पेंडुलम मोजताना वीस दोलनांची बावीस करायचीस.”

“हो, सर.”

“अडीचशे पालक येणारेत. तू दोन मिनिटं बोल. सोप्या भाषेत. आमच्या पोरी निवांत हायत, एवढं सांगितलंस तरी बास. पालकांना तेवढंच पायजे असतंय, आन् खरं सांगू का, मलाबी.” त्यांनी सुमनबाईंना हाक मारली. “सुमनबाई, माइक लावायला सांगा. आन् हिला च्या.”

सुमनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “सर, माइक लावलाय. बबिताताई, च्या घेऊनच जावा, तिकडं लई येळ चालतंय.”

बाहेर कुणीतरी माइकवर टकटक करून ‘हॅलो, हॅलो’ म्हणालं. मी पर्समधून लिफाफा काढला आणि टेबलावर ठेवला. वही उघडून अडुसष्ट नंबरचा फॉर्म काढला आणि तो सरांच्या समोर, दाराकडून येणाऱ्या उजेडात तिरका धरला.

“काय हाय हे?”

“सर, इथे बघा. चौथ्या चौकोनात.”

त्यांनी चष्मा लावला. खाली वाकले. प्रश्न वाचला. त्यांचं बोट त्या चौकोनाजवळ गेलं आणि कागदाला न टेकता थांबलं.

“खोडलंय की तिनं,” ते हळू म्हणाले. “म्हणजे तसं काही नसेल.”

हे वाक्य मी दहा दिवस वापरलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

“एकसष्ट पोरींनी कीवरून भरलंय, सर. प्रश्न माझ्यामुळे फुटले. मला हे दहा दिवसांपासून दिसत होतं आणि मी गप्प राहिले.” माझा आवाज बारीक येत होता, म्हणून मी थांबून परत सुरुवात केली. “हा निकाल खोटा आहे. तो मी वाचणार नाही, आणि लघुप्रबंधही या वर्षी देणार नाही. देगलूरकर मॅडमना मी आत्ता इथूनच फोन लावते. हा लिफाफा तुमच्यासमोर उघडायचाय. मीटिंगच्या आधी मला या मुलीला भेटायचंय.”