बारा मिनिटांनी बंद पडणारं इंजिन

फारूकने बोट घेतली तेव्हा त्याला पोहता येत नव्हतं. ही गोष्ट त्याच्या बायकोशिवाय, जरीनाशिवाय, कोणालाच ठाऊक नव्हती.

सव्वीस वर्षं त्याने मूल या तालुक्याच्या गावातल्या एका राइस मिलचा ट्रक चालवला. मग गुडघे गेले आणि ट्रक सुटला. वैनगंगेवरचा ठेंगणा पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि पलीकडच्या कोसमटोल्याच्या लोकांना मूलला यायला केवढा वळसा पडतो, हे त्याने ट्रकवर असताना पाहिलं होतं. घाटावर दोन लाकडी डोंगे होते, पण पाणी चढलं की डोंगेवाले विड्या ओढत बसून राहायचे. म्हणून त्याने तेलंगणातल्या एका तलावावरून मासेमारीची जुनी फायबरची बोट आणली. बोटीच्या मागच्या फळीला पेट्रोलचं इंजिन लटकवलेलं. बाजूला लाल प्लास्टिकची टाकी, टाकीतून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी आणि नळीच्या मधोमध हाताने दाबायचा रबरी फुगा. तो चार-पाच वेळा दाबला की पेट्रोल इंजिनात चढायचं, मग दोरी ओढायची. इंजिनं त्याला नवी नव्हती. नदी नवी होती.

पहिल्याच फेरीला, जरीना सोबत असताना, काठाकाठाने जाता जाता इंजिन बंद पडलं. आधी आवाज बारीक झाला, मग दोन आचके आणि शांतता. पाणी जेमतेम मांडीएवढं होतं, तरी फारूकने आधी काठ किती लांब आहे ते पाहिलं. त्याने प्लग काढून पुसला, टाकीचं झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, झाकण परत घट्ट बसवलं आणि दोरी ओढली. इंजिन लगेच लागलं.

"प्लगच होता," तो म्हणाला.

चार दिवसांनी तो एकटाच गेला होता तेव्हा पुन्हा तसंच झालं. या वेळी बोट वाहत जाऊन एका रेतीच्या बेटाला टेकली, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे. तिथे बसून त्याने फिल्टर बदलला. पेट्रोलमध्ये पाणी गेलं असेल म्हणून झाकण उघडून आत डोकावला. काही दिसलं नाही. झाकण लावून दोरी ओढली, इंजिन लागलं.

म्हणजे फिल्टर, असं त्याने स्वतःला समजावलं. घरी आल्यावर जरीनाला मात्र काही सांगितलं नाही. तिने बोट नको म्हणून आधीच डोकं खाल्लं होतं.

पुढे दहा दिवस इंजिनाने एकदाही त्रास दिला नाही. या काठावरून त्या काठाला आठ मिनिटं लागायची. प्रत्येक फेरी संपली की फारूक झाकण काढून पेट्रोल किती उरलं ते बघायचा. लोक बसू लागले. फारूकची भीतीही हळूहळू कमी झाली होती.

सप्टेंबरच्या त्या दुपारी घाटावर गुणवंतराव आणि त्यांची बायको रंभाबाई आली. गुणवंतराव कोसमटोल्याचे धानकरी शेतकरी, पासष्टी ओलांडलेले. रंभाबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन आदल्या दिवशी मूलला झालं होतं. उजव्या डोळ्यावर पट्टी, आणि डाव्या डोळ्याने तिला उजेड-अंधारापलीकडे फारसं दिसत नव्हतं. खाली वाकायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही आणि पट्टीला पाणी लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून पाठवलं होतं.

नदी सकाळपेक्षा चढली होती. वरच्या धरणाचे दरवाजे उघडल्याचं गुणवंतरावांनी बसस्टँडवर ऐकलं होतं.

"जमते का, फारूकभाऊ?" त्यांनी विचारलं. "नाई त आज मूलमंदीच राह्यतो कुठी."

फारूकने पाण्याकडे पाहिलं. पाणी मातीच्या रंगाचं होतं आणि मधूनमधून झाडांच्या फांद्या वाहत येत होत्या. नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण भीती हेच होतं.

"जमते न, भाऊ. बसा."

रंभाबाईला धरायला जरीनाही बोटीत बसली. लाइफ जॅकेटं तीन होती. तिघांनी ती घातली. फारूक नेहमी तसाच असायचा.

ओढ जास्त असल्यामुळे सरळ जाता येणार नव्हतं. त्याने आधी काठाकाठाने बोट वर नेली, बरीच वर, म्हणजे तिरपं कापलं की बरोबर कोसमटोल्याच्या घाटाला लागेल. मग तोंड वळवून त्याने इंजिन वाढवलं. बोट नदीच्या मधोमध आली, आणि आवाज बारीक झाला.

फारूकने तो आवाज ओळखला. दोन आचके बसले आणि इंजिन बंद पडलं.

आता फक्त पाण्याचा आवाज होता.

"काऊन बंद झालं?" रंभाबाईने विचारलं.

फारूकने दोरी ओढली. एकदा, दोनदा, पाचदा. इंजिन नुसतंच खाकरलं. बोट आडवी झाली आणि वाहू लागली. काठावरची झाडं एकेक करून मागे पडायला लागली.

"लंगर टाका," गुणवंतराव म्हणाले, आणि फारूक हलेना तेव्हा त्यांनी स्वतःच टाकला. दोर सरसर गेला, ताणला, बोटीला एक हिसका बसला. क्षणभर बोट थांबली. पाणी तिच्या कडेवर चढू लागलं, आत एक लोट आला. मग तळातून काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि बोट पुन्हा निघाली, लंगर रेतीतून फरफटत. गुणवंतरावांनी बांबू खाली घातला. बांबू पूर्ण गेला, तळ लागला नाही.

"हा आवाज कायचा येऊन राह्यला?" रंभाबाई म्हणाली. तिने मान वळवली होती, वाहत्या पाण्याच्या दिशेला.

बाकीच्यांना तो तिच्यानंतर ऐकू आला. खाली नव्या पुलाचं काम अर्धवट राहिलं होतं. खांब उभे होते, वरून लोखंडी सळया बाहेर आलेल्या. खांबांच्या मध्ये पुराने आणलेली झाडं अडकली होती आणि पाणी त्यांच्यावरून फेसाळत कोसळत होतं. तिथे गेलेली बोट उलटी होते, हे समजायला नदीची माहिती असायची गरज नव्हती.

"अहो, सांगा न कोणी," रंभाबाई म्हणाली. "मले दिसत नाई. काय होऊन राह्यलं?"

"काई नाई, बाई," फारूक म्हणाला. "होते चालू." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

त्याने प्लग काढायला पान्हा घेतला. पान्हा सुटून बोटीच्या तळाच्या पाण्यात पडला. त्याने चाचपडून तो शोधला, पुन्हा लावला, पुन्हा निसटला. खांब आता मोजता येत होते. सहा. त्यातला तिसरा आणि चौथा यांच्या मध्ये एक आख्खं झाड आडवं होतं, मुळांसकट.

गुणवंतराव त्याच्याकडे बघत होते.

"पोवता येते न तुले?"

फारूकने वर पाहिलं नाही.

"फारूक, इकडे पाय. पोवता येते का?"

"नाई, भाऊ."

म्हाताऱ्याने आपल्या जॅकेटचे पट्टे सोडले, ते काढून फारूकच्या डोक्यातून खाली ओढलं आणि पट्टे आवळले, लहान लेकराला सदरा घालावा तसं. "मले येते," एवढंच म्हणाला आणि रंभाबाईजवळ जाऊन तिचा दंड धरला. तेव्हा रंभाबाईला सगळं समजलं. ती मोठ्याने मार्कंड्याच्या महादेवाचं नाव घेऊ लागली. वाकायचं नाही म्हणून ती ताठ बसली होती, दोन्ही हातांनी फळी धरून.

जरीनाचे ओठही हलत होते. ती टाकीजवळ बसली होती. धीर धरायला हाताला काहीतरी हवं म्हणून असेल, तिने नळीवरचा फुगा धरला. एरवी फुगा लिंबासारखा टणक असायचा. आता तो चपटा होऊन आतल्या आत चिकटला होता.

"अजी, हे पाहा. हे चपटून गेलंय."

"जरीना, आता नको..."

"नाही, सुनो तो. आतून कोणी ओढून घेतल्यासारखं झालंय." तिने टाकीकडे पाहिलं. टाकीचे गालही आत गेले होते.

जरीना लग्नाकार्यांत शंभर-दोनशे माणसांचा स्वयंपाक करायची. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल नीट पडत नाही, भकभक करतं आणि थांबतं. हवा आत जायला दुसरं भोक लागतं. हे तिला विचार करून आठवलं नाही, हातांनाच ते माहीत होतं.

"टाकीत हवा जात नाही," ती ओरडली. "एक भोक आहे फक्त!"

तिने दोन्ही हातांनी झाकण फिरवलं. फुस्स असा मोठा आवाज झाला, एखाद्याने फार वेळ कोंडलेला श्वास घ्यावा तसा. टाकीचे गाल टपकन बाहेर आले. तिच्या हातातला फुगाही हळूच फुगला.

"दाबत राह्य!" फारूक म्हणाला.

ती दाबत राहिली. फुगा टणक झाला. फारूकने दोरी ओढली. काही नाही. खांबांवरचे तुषार आता तोंडावर येत होते. पुन्हा ओढली, इंजिनाने धूर सोडला आणि ते मेलं. रंभाबाईचा आवाज फाटला होता. तिसऱ्यांदा फारूकने सगळं अंग मागे टाकून दोरी ओढली आणि इंजिन लागलं.

"लंगर तोडा!" तो ओरडला.

गुणवंतरावांनी कमरेचा विळा काढून दोर कापला. बोट वळली. काही क्षण ती जागच्या जागी थरथरत राहिली, पाणी जितकं खाली ओढत होतं तितकंच इंजिन वर ओढत होतं, आणि पहिला खांब काही हातांवर होता. मग ती कोसमटोल्याच्या बाजूला इंच इंच सरकू लागली. उघड्या टाकीतून पेट्रोल हिंदकळून जरीनाच्या साडीवर सांडत होतं, पण तिने झाकण लावलं नाही.

ते एका बुडालेल्या धानाच्या बांधीत, म्हणजे शेताच्या तुकड्यात, घुसले आणि पळसाच्या झाडाला थांबले. इंजिन बंद केल्यावरही फारूकची मूठ दांड्यावरून सुटेना. जरीनाने त्याच्या हाताचं एकेक बोट सोडवलं.

"लागलो का कडेले?" रंभाबाईने विचारलं.

"लागलो," गुणवंतराव म्हणाले आणि मटकन चिखलातच बसले.

फारूकला बोलल्याशिवाय राहवेना. "भाऊ, हे इंजिन याच्या आधी दोनदा बंद पडलं होतं."

जरीनाने चमकून पाहिलं. तिला एकदाचंच माहीत होतं.

"मंग आमाले काऊन बसवलं?" गुणवंतरावांचा आवाज चढला. "हे डोळे बांधलेलं माणूस बसवलं तू बोटीत! विचारलं होतं न मी, जमते का म्हून?"

फारूकने जॅकेट काढून पुढे केलं. म्हाताऱ्याने ते घेतलं नाही. बायकोचा हात धरून तो बांधावरून गावाकडे निघाला. दोन दिवस कोसमटोल्यात काढून, नदी ओसरल्यावर, फारूक आणि जरीना लांबच्या मोठ्या पुलावरून एसटीने घरी गेले. घरी पोहोचल्यावर जरीना म्हणाली, "बंद पडलं ते नाही खटकलं. सांगितलं नाही, ते खटकलं."

फारूक बोटीकडे परत गेला तो जाडजूड दोर घेऊन. बोट ओसरत्या पाण्यात ढकलून लांब दोराने पळसाला बांधली आणि इंजिन चालवत घड्याळ घेऊन बसला. टाकीचं झाकण घट्ट होतं. बाराव्या मिनिटाला आवाज बारीक झाला आणि इंजिन बंद पडलं. मग त्याने झाकण नीट निरखलं. मधोमध एक छोटा काळा स्क्रू होता. त्याला तो झाकणाचाच भाग वाटला होता. फिरवल्यावर तो वर आला आणि खाली बारीक छिद्र दिसलं. टाकी गाडीतून आणताना पेट्रोल सांडू नये म्हणून कोणीतरी तो आवळला होता, आणि फारूकने कधी सोडलाच नव्हता. प्रत्येक वेळी झाकण उघडल्यामुळे इंजिन लागलं होतं, आणि तो मात्र प्लगला आणि फिल्टरला शाबासकी देत बसला होता.

स्क्रू सोडून त्याने दोन तास इंजिन चालवलं. एकदाही बंद पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने चौथं जॅकेट आणि नवा लंगर आणला. आठवड्याने रंभाबाईला डोळा दाखवायला मूलला जायचं होतं. फारूक स्वतः कोसमटोल्याला गेला, अंगणात उभा राहिला, बंद पडायचं कारण काय होतं ते सगळं सांगितलं, आणि म्हणाला, "एसटीने जायचं असन त मी गाडी करून मोठ्या पुलापर्यंत सोडून देतो."

गुणवंतरावांनी बायकोकडे पाहिलं.

"बसतो," ती म्हणाली. "पण एक सांगतो तुले. त्या दिवशी मी विचारत होतो आन् तू 'काई नाई, काई नाई' करत होतास. तसं नाई चालणार. जे होऊन राह्यलं ते मले सांगत राह्यजो."

नदी उतरली होती. तरी बोट काठापासून सोडायच्या आधी फारूकने झाकणावरचा स्क्रू पुन्हा पाहिला. जॅकेटचे पट्टे त्याने दोनदा ओढून पाहिले.

"बाई, निंगालो," तो म्हणाला. "स्क्रू खुला हाय. फुगा टणक हाय." जरा वेळाने म्हणाला, "आता मधात आलो. पाणी खोल हाय इथी."

"आवाज कापून राह्यला तुहा."

"हो बाई. भेव लागून राह्यला."

"मले बी," रंभाबाई म्हणाली. "सांगत राह्य."